माझा गुडघा आणि नानांच्या जीपचा ब्रेक

धुळ्याच्या गॅरेजात ओट्यावर बारदान अंथरून मिस्त्रीने दोन्ही ब्रेक शेजारी शेजारी मांडले होते. डावीकडे जीपचे मूळचे ब्रेक: लहान ड्रम, घासलेले लायनर आणि गंजलेला मास्टर सिलिंडर. उजवीकडे एका टेम्पोतून काढलेले: मोठे ड्रम, आणि त्यांच्यासोबत भाकरीच्या तव्याएवढा एक काळा गोल डबा. हा डबा म्हणजे बूस्टर. पायाने थोडं दाबलं की बाकीचा जोर तो आपल्या पदरचा घालतो, असं मिस्त्रीने मला समजावलं. माझे वडील, म्हणजे नाना, दोन्हींकडे आळीपाळीने बघत उभे होते. मुलीला सांगून आलेल्या दोन स्थळांमधलं एक आधीच पसंत करून आलेला बाप जसा बघतो तसे.

नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. मी तेव्हा भडगावजवळच्या एका गावात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. नानांनी आयुष्यभर आग्रा रोडवर दुसऱ्याचा ट्रक चालवला होता. ट्रक सुटल्यावर ते आणि आई माझ्याकडे भडगावला राहायला आले, आणि महिनाभरातच घरात बसून नानांना घर खायला उठलं. मग त्यांनी जीप बनवायला घेतली. जीप आपली म्हणायला. सांगाडा जळगावच्या एका लिलावातला, डिझेलचं इंजिन उलटलेल्या टेम्पोचं, सीट कुठल्याशा ट्रकची, आणि बॉडी जळगावच्या बॉडीवाल्याने पत्रा ठोकून नवीन केलेली. अशा जोडगाड्या तेव्हा आमच्या भागात पुष्कळ होत्या. इंजिन बदलल्याची नोंद करून घ्यायला नानांनी आरटीओत चपला झिजवल्या, आणि त्यातही त्यांना मजा आली.

गाडी माझ्यासाठी होती. निदान तसं सगळ्यांना सांगितलं होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका म्हशीने माझ्या उजव्या गुडघ्यावर लाथ मारली होती. म्हैस तपासायला मी मागून गेले, ही चूक माझी. तिने तिच्या परीने योग्यच केलं. गुडघ्याची वाटी फुटली, ती तारेने बांधून घेतली, पण त्या पायात पहिल्यासारखा जोर आला नाही. चालता येई, उभं राहता येई. जोर लावायची वेळ आली की गुडघ्यात कळ येई आणि पाय आपोआप सैल पडे. स्कूटरची किक उजव्या पायाने मारायची, म्हणजे स्कूटर बाद. मोटारसायकल बाद. उरली बस. आणि गाय अडली तर ती काही बसच्या वेळा बघून अडत नाही.

तर ब्रेक कोणता बसवायचा, हा प्रश्न माझ्या मते प्रश्नच नव्हता.

"बूस्टरचा," मी म्हटलं.

"उस्ताद, मला विचाराल तर साधाच ठेवा," मिस्त्री नानांना म्हणाला. तो जगातल्या सगळ्या ट्रकड्रायव्हरांना उस्ताद म्हणायचा आणि सगळ्या बायकांच्या डोक्यावरून बोलायचा. "साध्यात बिघडायला काही नाही. हा डबा इंजिनवर चालतो. डायनामोच्या मागचा पंप त्यातली हवा ओढतो. इंजिन बंद, की डबा बंद. उद्या पाइप फाटला तर बसा बोंबलत."

"ब्रेक हाऊ पायना ऱ्हास, डब्बाना नही," नाना म्हणाले. ते एरवी माझ्याशी बरंचसं पुस्तकी मराठी बोलत. मुलगी डॉक्टर झाल्यापासून त्यांनी ती सवय लावून घेतली होती. पण गाडीचा विषय निघाला की ते थेट आपल्या बोलीवर येत.

"पण पाय कोणाचा, नाना?"

"मी शे ना चालाडाले. तू बाजूले बठ."

हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग माझ्या नाकावर असतो, हे मला घरातल्या प्रत्येकाने सांगून झालंय आणि ते खरं आहे. मी गॅरेजात, मिस्त्रीसमोर म्हटलं की गाडी माझ्या कामासाठी असेल तर ती मला चालवता आली पाहिजे, नाहीतर मी बसनेच जाईन. नाना खाली बसून जुन्या ड्रमवरून बोट फिरवत राहिले. मिस्त्रीने चहा मागवला. चहा येईपर्यंत निर्णय झालेला होता आणि तो मला कोणी सांगितला नाही.

आम्ही बसने भडगावला परतलो. घरी मी आईजवळ तक्रार केली. आई ज्वारी निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तू चालाडाले लागनी, मंग ह्या मानूसनी काय करानं?" ती म्हणाली.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. नानांना गाडी हवी होती ती चालवायला, आणि चालवायला कारण हवं होतं म्हणून मी होते. साधा कडक ब्रेक बसला की जीप फक्त त्यांच्याच पायाला ऐकणार होती. त्यांनी हे ठरवून केलं असं मी आजही म्हणणार नाही. पण तो ब्रेक त्यांना आवडला, त्यामागे हेही होतंच. कळत होतं आणि तरी राग जात नव्हता. वडलांना काम मिळावं म्हणून मी जन्मभर डाव्या बाजूला बसावं का? मी आईला असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मी बसले ना." आणि पुन्हा ज्वारी निवडायला लागली.

गाडी साध्या ब्रेकसह तयार होऊन आली. आमच्याकडे नारळ फोडायची पद्धत नाही. नानांनी ती आधी विहारासमोर नेऊन उभी केली, आईने आत मेणबत्ती लावली, वंदना झाली, आणि मग वस्तीतली सगळी पोरंटोरं मागे बसवून नानांनी एक चक्कर मारली. रंग हिरवा होता, थोडा जास्तच हिरवा. मला ती गाडी फार आवडली. आवडली म्हणूनच जास्त चिडचिड झाली.

दुसऱ्या दिवशी मी नानांना गिरणेच्या काठावर घेऊन गेले. नदीत उतरायला तिथे बैलगाड्यांचा उतार होता. मी स्टिअरिंगवर बसले, नाना शेजारी हँडब्रेक धरून. "सोडा," मी म्हटलं आणि ब्रेकवर पाय ठेवला. त्यांनी हँडब्रेक सोडला. मी दाबलं. जेवढं होतं तेवढं सगळं लावून दाबलं. गुडघ्यात कळ गेली, दात एकमेकांवर आपटले, आणि जीप हळूहळू, कसली घाई नसल्यासारखी, पाण्याच्या दिशेने निघाली. नानांनी हँडब्रेक ओढला.

"सवय होईल पायाला," ते म्हणाले.

"पायाला होईल. तारेला कशी होणार?"

"हळूहळू येतो जोर."

"नाना, मी दाबतेय आणि काहीच होत नाहीये. काहीच. तुम्हाला कळतंय का ते कसं असतं?"

ते खाली उतरले, माझ्या बाजूला आले आणि दार उघडून उभे राहिले. मी सरकले. त्यांनी एका दमात गाडी मागे घेऊन वर चढवली. त्यांना ते खरंच कळलं नव्हतं. ज्याचा पाय उभ्या आयुष्यात कधी कमी पडला नाही, त्याला काय सांगणार?

त्यानंतरचे काही महिने नाना माझे ड्रायव्हर होते आणि ते उत्तम ड्रायव्हर होते, हे सांगायला हवं. सकाळी गाडी पुसून तयार. माझी बॅग मागे, बादली, दोर, लांब हातमोजे जागच्या जागी. कोणत्या गावाची कोणती वाट पावसात बसते ते त्यांना पाठ. अडचण वेगळीच होती. गाडी गावात शिरली की लोक त्यांच्याकडे यायचे. स्टिअरिंगवरून उतरलेला, पांढऱ्या शर्टातला, उंच माणूस. मागून बॅग घेऊन उतरणारी बाई. "या डॉक्टरसाहेब," असं म्हणत लोक त्यांनाच गोठ्यात घेऊन जात. पहिल्या पहिल्यांदा नाना घाईने सांगत, "डॉक्टर ती आहे." पुढे पुढे ते जरा उशिरा सांगायला लागले. एकदा तर त्यांनी एका बैलाची जीभ ओढून बघितली आणि मान हलवली. घरी आल्यावर मी ते आईला सांगितलं. आई हसून हसून बेजार झाली, नानाही हसले, मीही हसले. पण मला ते लागलं होतं.

मग नाना तापाने पडले. साधा ताप नव्हता, मलेरिया होता; हुडहुडी भरून अंथरुणातून उठवेना. जीप कडुनिंबाखाली उभी. अशातच एका सकाळी नदीपलीकडच्या गावातला शेतकरी सायकल मारत आला. त्याची गाय पहाटेपासून अडली होती, वासराचा एकच पाय बाहेर आला होता. त्या बाजूला बस दुपारी. त्याने दाराशी येऊन आधी जीपकडे बघितलं.

"गाडी शे ना," तो म्हणाला.

"आहे. चालवणारा आजारी आहे," मी म्हटलं.

हे वाक्य बोलताना मला जेवढी लाज वाटली तेवढी पूर्वी कधी वाटली नव्हती. ब्रेक माझ्या पायाला जमणारा असता तर मला लायसन्स काढता आलं असतं, गाडी शिकता आली असती. गाडी दारात होती, डिझेल टाकीत होतं, आणि मी बॅग मांडीवर घेऊन त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसले. चढाला दोघंही उतरून चालत गेलो. माझ्या गुडघ्याने जेवढं चालू दिलं तेवढ्या वेगाने. पोचले तेव्हा वासरू आत मेलेलं होतं. मी ते काढलं, गाय वाचवली. घरातल्या म्हातारीने हात धुवायला गरम पाणी दिलं, चहा दिला, कोणी दोष दिला नाही. खूप खटपट केली डॉक्टरबाईंनी, असंच म्हणाले. त्या वासराचं तोंड मला आजही आठवतं. कालवड होती, कपाळावर पांढरा ठिपका.

परतले तेव्हा नाना गोधडी पांघरून बाहेर खाटेवर बसले होते. त्यांची नजर जीपवर होती.

"काय व्हयनं?"

"गाय वाचली. वासरू गेलं."

"उशीर..."

"हो. उशीर झाला."

आणखी पुष्कळ बोलायचं होतं. पण ते तापाने थरथरत बसले होते. आत जाऊन मी बादली आपटली. ती त्यांना ऐकू जावी म्हणूनच आपटली होती.

ताप उतरल्यावर अंगात नीट त्राण यायच्या आत नाना एकटे जीप घेऊन धुळ्याला गेले. आईने विचारलं तर म्हणाले, लायनर बघून येतो. दोन दिवस तिकडेच राहिले. आले तेव्हा मी दवाखान्यातून नुकतीच घरी आले होते. त्यांनी गाडी दाराशी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं, आणि बाजूच्या सीटवर सरकून बसले.

"दाब बरं," म्हणाले.

मी चढून बसले आणि ब्रेकवर पाय ठेवला. आधीच्या आठवणीने गुडघा धसकलेला होता. मी दाबलं आणि पेडल खाली गेलं. सरळ, मऊ, लोण्यात बोट जावं तसं. कळ नाही, काही नाही. बोनेटच्या आतून हलकासा सुस्कारा आल्यासारखा आवाज झाला. आम्ही तसेच पुन्हा नदीच्या उतारावर गेलो. जीप मी म्हटलं तिथे थांबली. मी म्हटलं तेव्हा निघाली. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला, आणि मी नानांना म्हटलं की हे आधीच केलं असतं तर. ते म्हणाले, "हो." नाना सहसा कोणाला हो म्हणत नसत.

मिस्त्री मात्र अजून साध्याच ब्रेकच्या बाजूने होता. नानांनी तो बदलायला लावला म्हणून तो नाराज होता आणि गाडी सोडताना पुन्हा बजावून म्हणाला होता, "उस्ताद, इंजिन बंद तर डबा बंद." नाना म्हणाले होते, माहीत शे माले. हे मला नानांनीच हसत हसत सांगितलं.

पुढच्या काही आठवड्यांत मी गाडी शिकले. शिकवणारे नानाच, त्यामुळे दररोज भांडण. क्लच अर्धवट सोडू नको, आरशात बघ, आरशातच बघत बसू नको. जळगावला जाऊन लायसन्स काढलं. आसपासच्या गावांना मी एकटी जायला लागले. डाव्या बाजूचं दार उघडून कोणीच उतरत नाही, हे बघून लोक जरा गोंधळायचे आणि मग माझ्याकडे येऊन बोलायचे. नाना घरी बसायचे. मी परत आले की गाडीभोवती फिरून टायर बघायचे, काहीतरी बोलायला सापडतंय का ते बघायचे.

एका रविवारी ते म्हणाले, सपाटीवर ब्रेकचं काही खरं नाही, घाट उतरल्याशिवाय समजत नाही. आपण मालेगावला जाऊ, जेवू, आणि येताना धुळ्यावरून वळसा घालून लळिंगचा घाट उतरू. मला कळत होतं की त्यांना ब्रेक तपासायचा नव्हता, त्यांना एकदा आग्रा रोडवर गाडी घालायची होती. मीही हो म्हटलं. आईने डब्यात दशम्या दिल्या. जाताना गाडी मी चालवली. मालेगावला नानांच्या ओळखीच्या धाब्यावर जेवलो, तिथल्या माणसाने नानांना मिठीच मारली. निघताना नानांनी किल्ली माझ्याकडून मागून घेतली. "घाट मी उतरवतो," म्हणाले. घाटाच्या बाबतीत मी हट्ट केला नाही.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. नानांच्या ट्रकचे मालक प्रत्येक खेपेचं डिझेल ठरवून देत. त्यातून वाचेल ते ड्रायव्हरचं, अशी पद्धत. त्यामुळे त्या रोडवरचे जुने ड्रायव्हर उतार लागला की गाडी न्यूट्रल करत आणि इंजिनच बंद करून टाकत. लाल एसटी असो की भरलेला ट्रक, घाटात आवाज येणार फक्त टायरचा. नाना त्यात तरबेज होते. लळिंगचा घाट ते असाच उतरत, दर खेपेला, वर्षानुवर्षं. परभणीला मी शिकत होते तेव्हा माझ्या मेसचे आणि पुस्तकांचे पैसे तिथूनच यायचे. हे मला आईकडून कळलं होतं, नाना कधी बोलले नव्हते.

घाटाचा माथा आला. नानांनी गिअर न्यूट्रलला आणला, आणि डॅशबोर्डवरची काळी मूठ ओढली. ती ओढली की इंजिनाचं डिझेल तुटतं आणि ते बंद पडतं. एकदम शांत झालं. वारा आणि टायर.

"नाना, बूस्टर," मी म्हटलं.

"माहीत शे माले. हवा ऱ्हास ना त्यामां."

"मूठ आत ढकला."

"उतारवर डिझेल जाळानं?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यांचा चेहरा फार दिवसांनी मोकळा दिसत होता. "पोरी, ह्याच घाटवर तुले शिकाडं मी."

मी मूठ तशीच राहू दिली. त्यांनी ते आयुष्यात पहिल्यांदा बोलून दाखवलं होतं, आणि तेही मिरवून नाही. रस्ता दाखवावा तसं.

पहिल्या वळणाला त्यांनी ब्रेक दाबला, गाडी आज्ञाधारकपणे हळू झाली. पुढे पुन्हा दाबला, तेव्हाही झाली, जराशी कमी. त्यानंतर समोर कडब्याने लादलेला ट्रक दिसला, अर्धा रस्ता व्यापून रांगत चाललेला. खालून वर येणाऱ्या गाड्यांची रांग. नानांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला.

त्यांच्या ट्रकला हवेची मोठी टाकी होती. इंजिन बंद केलं तरी तीत साठलेली हवा अख्खा घाट पुरायची, आणि किती उरली ते दाखवायला समोर काटा असायचा. त्या काट्याकडे बघत त्यांनी हजारदा घाट उतरला असेल. जीपला टाकी नव्हती. काटा नव्हता. डब्यात हवा नव्हतीच, हवा ओढून केलेली पोकळी होती, आणि ती पहिल्या दोन ब्रेकांतच संपली होती. हे ना त्यांनी मिस्त्रीला विचारलं होतं, ना मी.

पेडल दगडासारखं झालं होतं. नाना सीटवरून उठून उभेच राहिले त्यावर, छपराला डोकं लागेपर्यंत. मोठे ड्रम असल्याने गाडी थोडी अडत होती, पण थांबत नव्हती. कडब्याचा ट्रक जवळ येत होता. ताप होऊन गेलेला, वय झालेलं. त्यांची मांडी थरथरताना मला दिसली. हँडब्रेककडे हात गेला, पण स्टिअरिंग सोडवेना, परत आला. आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो शब्द नव्हता.

या वेगात एकट्या हँडब्रेकने गाडी आवरणार नव्हती. मी वाकले, काळी मूठ आत ढकलली आणि किल्ली फिरवली. स्टार्टर कुरकुरला, कुरकुरला आणि इंजिन धडधडून लागलं. तरी क्षणभर काही झालं नाही. तो क्षण मी विसरणार नाही. मग पेडल एकदम खाली गेलं, नाना उभ्याउभ्याच पुढे झुकले आणि आमचं बोनेट कडब्याच्या पेंढ्यांपाशी येऊन थांबलं. ट्रकच्या मागच्या फळीवर लिहिलेलं सगळं वाचता येत होतं. ट्रकवाल्याला काही कळलंही नाही, तो तसाच रांगत पुढे गेला.

पुढे रस्त्याच्या कडेला जागा होती तिथे नानांनी गाडी घेतली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मला खूप बोलायचं होतं. मी सांगितलं होतं ना, मूठ आत ढकला म्हणून? पण त्यांचा पाय अजून ब्रेकवरच होता. मला त्यांची भयंकर दया आली, आणि प्रेम आलं. मी पाण्याची बाटली पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही.

ब्रेकवरचा पाय काढत ते म्हणाले, "पाय कामले नही उना."

"होतं असं."

"तुले असंच व्हयनं व्हतं का? नदीवर?"

"हो नाना. अगदी असंच."

त्यांनी मान हलवली. मग दार उघडून खाली उतरले, बोनेटला हात लावत लावत गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडून उभे राहिले. मी सरकून स्टिअरिंगवर बसले. ते डावीकडे बसले, दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन, जशी आई बसायची.

घाट अजून निम्मा उरला होता. मी दुसरा गिअर टाकला आणि गाडी उतारावर सोडली. इंजिनाचा आवाज दोन्ही बाजूच्या डोंगराला लागून परत येत होता. पहिल्या वळणाला मी ब्रेकवर हलका पाय ठेवला. गाडी ऐकत होती. वळण संपून सरळ उतार लागला तसा नानांचा हात आपोआप उठला आणि डॅशबोर्डवरच्या काळ्या मुठीकडे गेला. मी बघितलं. हात मुठीपाशी थांबला. तो त्यांनी मागे घेतला आणि डब्याच्या झाकणावर ठेवला.

"जळू दे," ते म्हणाले. "तू उतर आरामसे."